वावरकोट

वैजयंतीच्या शिलाई मशीनवर बारा वर्षांत ब्लाउज सोडून दुसरं फारसं काही चढलं नव्हतं. शेलूबाजारच्या बसथांब्यामागच्या गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत तिचं दुकान. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसे, एरवी फॉल-पिको चालू. तिचा हात सफाईदार होता, आणि एकदा घेतलेलं माप ती वर्षभर विसरत नसे. पण त्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर एके सकाळी तिची नजर भलत्याच कपड्यावर अडकली.

तिची सासू रंगूबाई कापूस वेचायला वावरात निघाली होती. साडीवर तिने नवऱ्याचा, इंद्रभानजींचा, जुना शर्ट चढवला होता. त्यात नवल काहीच नव्हतं. ऊन आणि काटेकुटे अंगाला लागू नयेत म्हणून वावरात जाणाऱ्या सगळ्याच बाया घरातल्या गड्याचा शर्ट साडीवर घालतात. पण त्या दिवशी वैजयंतीने शिंपिणीच्या डोळ्यांनी पाहिलं. शर्टाचे खांदे दंडावर उतरले होते, बाह्या चार-चार वेळा दुमडल्या होत्या आणि पोटावरचं बटण आता तुटतं की मग, अशा बेतात होतं.

“आत्याबाई, हा शर्ट तुमाले होत नाई,” वैजयंती म्हणाली.

“चाळीस वर्सं झाले, मले कोणताच शर्ट होत नाई,” रंगूबाई म्हणाली. “वावरात जाणाऱ्या बाईसाठी शर्ट शिवतेच कोण?”

आणि डोक्यावर भाकरीचं गाठोडं ठेवून ती निघूनही गेली. वैजयंती मात्र दुपारपर्यंत त्याच वाक्यापाशी बसून राहिली. मग तिने हातातला ब्लाउज बाजूला सारला आणि कपाटातून चौकटीच्या सुती कापडाचा तुकडा काढला.

पहिला कोट रंगूबाईने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून मशीनवर टाकला. “काखेत आवळते.” दुसऱ्याचा घेर साडीवर बसेना. तिसऱ्यात ओटी मावेना. ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधलेलं फडकं. वेचणारीचं सगळं काम त्याच्यावर. चौथा कोट जमला. दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत चिरलेला, म्हणून साडी आणि ओटी दोन्ही सुखात. पाठीला पातळ कापड, वारा लागावा म्हणून. मनगटाशी बाही घट्ट आणि पुढे अंगठ्यासाठी भोक, म्हणजे वाळल्या बोंडाची टोकं हाताची साल काढणार नाहीत. मानेवर ऊन अडवणारी उभी कॉलर. आणि आतल्या बाजूला एक खिसा.

रंगूबाईने तो घालून हात वर-खाली केले, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “हं.” बारा वर्षांत सासूच्या तोंडून निघालेला हा सगळ्यात मोठा शाबासकीचा शब्द होता.

पंधरा दिवसांत गल्लीतल्या सहा बायांनी तसाच कोट मागितला. वैजयंतीने त्याला नाव दिलं, वावरकोट.

कापड ती कारंज्याहून आणायची, उत्तमचंद शेठजींच्या दुकानातून. शेठजींची सून चेतना तीन वर्षांपासून दुकानाच्या साड्यांचं इन्स्टाग्रामवरचं पेज सांभाळत होती. वैजयंतीने कोट दाखवला, तशी चेतना काउंटरच्या बाहेरच आली.

“ताई, हा नुसता कोट नाही, हा ब्रँड आहे! फक्त दिसला पाहिजे. मी येते, आपण मस्त व्हिडिओ करू.”

ती खरंच आली. वैजयंतीच्या नणंदेची मुलगी राखी वाशीमला कॉलेजात शिकत होती, तिला बोलावलं. राखीने केस मोकळे सोडले, ओठ रंगवले, आणि कोट घालून उतरत्या उन्हात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींतून हळूहळू चालत गेली. चेतनाने मागे गाणं लावलं, वर सुंदर अक्षरं टाकली. व्हिडिओ इतका देखणा झाला की वैजयंतीने तो स्वतःच दहा वेळा पाहिला. चार दिवसांत अकरा हजार लोकांनी पाहिला. ‘ही कोण आहे?’ असं एकोणीस जणांनी विचारलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी हाच कोट लिननमध्ये मिळेल का, अशी चौकशी केली.

वावरात जाणाऱ्या एकाही बाईने कोट मागितला नाही.

वैजयंतीचं तोंड उतरलं. रंगूबाई भाजी निवडत बसली होती. तिने फोन मागून घेतला आणि तो व्हिडिओ डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

“पोट्टी गोड दिसते,” ती म्हणाली. “पण तिच्या ओटीत कापूस कुठी हाय?”

“तो नुसता व्हिडिओ हाय, आत्याबाई.”

“अन् कोट कुठी हाय? मले तर केसच दिसून राह्यले.” रंगूबाईने फोन परत दिला. “बाई कापड घ्याले जाते तवा काय करते, सांग बरं मले? उलटं करते. शिलाई पाहते. खसकन ओढून पाहते. हे कोणी ओढलं का याच्यात?”

दुसऱ्या दिवशी वैजयंती दुकान बंद करून सासूच्या मागोमाग वावरात गेली. फोन कसा धरावा हेही तिला धड कळत नव्हतं. आधी बोटच आलं मधे. मग तिने सरळ रंगूबाईच्या हातांवर फोन रोखला. ते हात भराभर बोंडं रिकामी करत होते आणि तोंडही चालू होतं. रंगूबाईने मधेच कोट काढला, उलटा केला, शिवण दोन्ही हातांनी ताणली. “पाहा, तुटत नाई. पाठीत वारा लागते. हाताले टोचत नाई. आता हा खिसा पाहा. हा खिसा चुकला. वाकलं का तंबाखूची पुडी खाली पडते, मोबाईलही पडन. सूनबाईले सुधरवा लागते. तोपर्यंत कोणी घेऊ नका.”

वैजयंतीचा हात फोनसकट खाली आला. “आत्याबाई, हे काहून म्हटलं?”

“खोटं हाय का?”

खोटं नव्हतंच. घरी येऊन तिने चेतनाला व्हिडिओ पाठवला. चेतनाचा लगेच फोन आला. “ताई, फार छान बोलतात त्या. फक्त शेवटचं कापून टाका. आपल्याच मालाचं वाईट कोणी सांगतं का?”

वैजयंतीने कापून पाहिलं. मागे जे उरलं ते कोणत्याही दुकानदाराचं बोलणं वाटत होतं. तिला आठवलं, शेजारच्या गावची एक बाई भारी कापड घेऊन आली होती, तेव्हा वैजयंतीनेच तिला सांगितलं होतं की हे धुतल्यावर आटेल, याचा ब्लाउज शिवू नको. ती बाई त्या दिवशी कापड घेऊन परत गेली, आणि तेव्हापासून तिच्या घरातली प्रत्येक लेकसून वैजयंतीकडेच येत होती. तिने कापलेला भाग परत जोडला आणि व्हिडिओ जसा होता तसा टाकला. इन्स्टाग्रामवर टाकला, स्वतःच्या स्टेटसला ठेवला, आणि बचत गटाच्या ग्रुपवरही पाठवला. त्याच दुपारी तिने खिसा उसवला, तिरका करून वर झाकण लावलं. दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत रंगूबाई चार वेळा वाकली, एकदा उडीही मारली, आणि पुडी काही पडली नाही. “आता घ्या,” ती म्हणाली.

लाइक आले सतरा. पण बचत गटातल्या बायांनी व्हिडिओ आपापल्या माहेरच्या ग्रुपवर धाडला होता, आणि तिसऱ्या दिवसापासून वैजयंतीच्या फोनवर आवाज यायला लागले. लिहून कोणी काही विचारलं नाही. सगळ्या बायांनी बोलूनच पाठवलं.

“मी देवला बोलून राह्यली, मानोऱ्याकडून. माहा लहाना पोरगा अजून आंगावर पेते, त्याच्यासाठी पुढून बटनं पायजे.”

“ताई, मी डावखुरी हाय. ओटीची चीर मले डाव्या बाजूनं मोठी लागते.”

“माही उंची आमच्या अंगणवाडीच्या बाईएवढी हाय. छातीचं माप मंग सांगतो, आता सासरा समोर बसला हाय.”

वैजयंती मशीनवर हसून हसून वाकली. माप कसं मिळवायचं, हा पेच खराच होता. टेप कोणाकडे नसे, आणि वीत प्रत्येकीची वेगळी. शेवटी तिने एक व्हिडिओ केला. हातात सुतळी घेऊन दाखवलं, इथं छातीची गाठ, इथं बाहीची, इथं उंचीची. नावाची चिठ्ठी लावा आणि शेलूबाजारकडे येणाऱ्या कोणत्याही जीपवाल्याच्या हाती द्या. तिचा नवरा भागवत स्वतःच जीप चालवायचा, सगळे जीपवाले त्याचे दोस्त. आठवड्याभरात त्याच्या आरशाला सतरा सुतळ्या लोंबायला लागल्या. “रस्ता दिसत नाई मले,” तो कुरकुरायचा, पण कोणी विचारलं की पहिले बायकोच्या कोटाची गोष्ट सांगायचा आणि मग जीप सुरू करायचा.

आलेल्या आवाजांना उत्तरं द्यायचं काम रंगूबाईने आपणहून घेतलं. वैजयंतीचे हात मशीनवर गुंतलेले, म्हणून म्हातारी फोन मांडीवर घेऊन बसायची. “बोल माय, काय अडचण हाय?” अशी सुरुवात, आणि मग कोटाबरोबर पोराचा खोकला, जावेचं भांडण, सगळं. ज्या बाईने जी तक्रार केली, ती वैजयंती दुरुस्त करायची आणि पुढच्या व्हिडिओत रंगूबाई नाव घेऊन सांगायची, “मानोऱ्याच्या देवलानं म्हटलं होतं, म्हणून पुढून बटनं लावले.” आपलं नाव कधी येतं म्हणून बाया रोज व्हिडिओची वाट पाहायला लागल्या. चेतना फोनवर म्हणाली, “तीन वर्षं पेज चालवते मी, माझ्याशी एक गिऱ्हाईक असं बोललं नाही. उद्यापासून मीही साडीचा काठ उलटा करून दाखवते.”

मग एके दिवशी भरदार, हुकमी आवाज आला.

“मी चतुराबाई. देवलाच्या तांड्यावरची. वेचणीची टोळी नेतो मी, मले धरून एक्केचाळीस बाया हायत. तुह्या सासूचं बोलणं आमी रोज जेवताना बांधावर आयकतो. आमाले कोट पायजे, पण असा भुरका नाई. लांबून पाह्यलं तर माही बाई कोणती हे मले समजलं पायजे. पाठ लाल कर, हिरवी कर, पिवळी कर. आरसे-कवड्या आमच्या आमी लावतो. बारा दिवसांनी टोळी परगावी निघते. जमते का सांग.”

वैजयंतीने मशीन थांबवलं. बारा दिवसांत एक्केचाळीस कोट! एकटीने तर स्वप्नातही नाही. तिने सासूकडे पाहिलं. रंगूबाईने बटण दाबून सांगूनही टाकलं होतं, “जमते माय, सुतळ्या पाठव.”

वैजयंती दुसऱ्याच दिवशी कारंज्याला गेली. उत्तमचंद शेठजी गादीवर बसले होते. त्यांनी कोट मागितला, शांतपणे उलटा केला, शिवण ओढली, कॉलर चोळली. मग स्वतः उठून आतल्या खोलीतून कापडाची तीन ठाणं काढून आणली, लाल, हिरवं आणि हळदी पिवळं. “याचा रंग उन्हात जाणार नाही, बेटा. हलकं कापड घेऊन एवढी मेहनत वाया घालवू नको.” गल्लीतल्या दोघी बायांकडे मशीनं होती, त्या कामाला लागल्या. राखीला सुट्ट्या होत्या. तिने केस वर बांधले आणि काज-बटणाला बसली.

चौथ्या दिवशी दुपारी भागवत दारात उभा राहिला, पण आत येईना.

“काय झालं?” वैजयंतीने विचारलं.

त्याने हातातला सुतळ्यांचा झुपका पुढे केला. तांड्यावरच्या एक्केचाळीस सुतळ्या बरोबर आल्या होत्या. पण येताना त्याने जीपची बाजूची काच उघडी ठेवली होती, आणि समृद्धी महामार्गाच्या पुलाखाली असा काही वारा घुसला की चिठ्ठ्या सगळ्या उडून गेल्या. कोणती सुतळी कोणाची, काही पत्ता नाही.

राखीच्या हातातून बटण घरंगळत गेलं. वैजयंतीला एकदम रडूच फुटेल असं झालं. परत मापं मागवायची तर तीन-चार दिवस गेले, आणि चतुराबाईसारख्या बाईला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने, ती पुटपुटली.

“याच तोंडानं सांग,” रंगूबाई म्हणाली. “जे झालं ते झालं. धर तो फोन.”

वैजयंतीने सगळ्या सुतळ्या जमिनीवर ओळीने मांडल्या. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्या सुतळ्या नव्हत्याच सगळ्या. एक साडीच्या काठाची चिंधी होती. एक केसांची रिबीन. एक चार्जरची तुटकी वायर. एक होती काळी, तिला टोकाला घुंगरू. तिने फोन सुरू केला आणि सरळ सांगितलं, “बायांनो, चूक आमची झाली. चिठ्ठ्या उडाल्या. आता तुमीच ओळखा.” आणि रंगूबाई एकेक उचलून लिलावासारखी ओरडायला लागली. “ही निळी रिबीन कोणाची? ही वायर कोणाची, अन् फोन आता कशावर चार्ज करून राह्यली बाई तू? हे घुंगरू कोणाचं? बकरीचं काढून देल्लं का?” मागे दारात भागवत अपराधी तोंड करून उभा होता, तोही व्हिडिओत आला.

अर्ध्या तासात फोन तापला. “रिबीन माही!” “घुंगरू माह्या बकरीचंच हाय, खरं सांगतो!” “ते वायर नवऱ्याचं हाय, त्याले सांगू नका!” देवलाने दोन सुतळ्यांवर हक्क सांगितला, मग शेजारणीशी तिथल्या तिथे, फोनवरच, भांडून एक सोडली. तिन्हीसांजेपर्यंत अडतीस सुतळ्यांना नावं लागली. उरलेल्या तिन्हींचा निकाल चतुराबाईने लावला. तिने व्हिडिओतच सुतळीची लांबी पाहिली आणि म्हणाली, “ही एवढी उंच म्हणजे आमची सोनकीच, दुसरं कोणी नाई.”

तोवर तो व्हिडिओ तांड्याच्या पार गेला होता. कोणी कोणी तो पुढे धाडला याचा हिशेब कोण ठेवणार? यवतमाळकडच्या बाया, हिंगोलीकडच्या बाया, ज्यांचा या कोटाशी काही संबंध नव्हता, त्याही बोलायला लागल्या. “ती पिवळी चिंधी माही समजा अन् मलेही एक शिवा.” चेतनाने कारंज्याहून विचारलं, ताई, किती लोकांनी पाहिलं माहीत आहे का? वैजयंती म्हणाली, “भाभी, मले बाह्या जोडू द्या.” शेवटी चेतनाच रोज दुपारी येऊन बसायला लागली आणि नव्या बायांची नावं-गावं वहीत उतरवायला लागली.

अकराव्या दिवशी कोट पुरे झाले. बाराव्या दिवशी सकाळी भागवतने जीप काचा घट्ट लावून काढली. मागे कोटांची बोचकी, पुढे रंगूबाई, आणि मधे दाटीवाटीने वैजयंती, चेतना आणि राखी. मानोऱ्याच्या पुढे रस्ता वळला आणि तांड्याच्या तोंडाशीच बायांचा घोळका दिसला. जीप थांबायच्या आत रंगूबाईभोवती गर्दी झाली. “याडी आली, याडी आली!” त्यांच्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. रोज जेवताना ऐकलेला आवाज असा लहानसर, वाकलेल्या म्हातारीतून निघतो, याचंच त्यांना नवल वाटत होतं. रंगूबाई कोणाच्या आवाजावरून कोण ते ओळखत होती. “तू डावखुरी. तुह्या पोराचा खोकला गेला का?”

चतुराबाई आवाजापेक्षाही उंच निघाली. तिने पहिला कोट उचलला, उलटा केला आणि असा ओढला की वैजयंतीने श्वासच धरला. शिवण हलली नाही. मग तिने तोच कोट अंगात घातला, लाल पाठ वळवून सगळ्यांना दाखवली, आणि नुसती मान हलवली. त्यासरशी बोचक्यांवर झुंबड उडाली. लाल, हिरव्या, पिवळ्या पाठी जिकडे तिकडे पळायला लागल्या. कोणी वाकून खिसा पाहत होती, कोणी अंगठा भोकातून काढून नवऱ्याला दाखवत होती. देवलाने पोराला कोटाच्या आत घेतलं आणि बटण लावून टाकलं. पोराचं डोकं तेवढं बाहेर.

व्हिडिओ चतुराबाईनेच घेतला. चेतनाने सांगितलं, उजेड तिकडून येतो, इकडे उभ्या राहा. चतुराबाई म्हणाली, “उभं कोण राह्यते?” आणि टोळीला समोरच्या वावरात पिटाळलं. बाकीच्या चाळीस बाया पऱ्हाटीत घुसल्या, गाणं म्हणत, ओट्या भरत, आणि चतुराबाई बांधावरून फोन धरून एकेकीचं नाव घेत गेली. एवढ्या लांबूनही तिचं एकीचंही नाव चुकलं नाही.

जेवणं झाली, ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, वर गूळ. मग बायांनी सुया-दोरे काढले आणि नव्या कोटांवर आरसे टाकायला बसल्या. दोघींनी रंगूबाईला धरून मधे बसवलं आणि तिच्या चौकटीच्या कोटाची बाही हातात घेतली. नको-नको म्हणत असताना तिच्या मनगटावर तीन आरसे लागलेसुद्धा. रंगूबाई हात उन्हात धरून उजेड इकडेतिकडे नाचवत राहिली.

वैजयंती देवलाशेजारी सरकली. “हा टाका मले शिकव,” ती म्हणाली.

देवलाने सुई दिली. बारा वर्षं मशीन चालवलेल्या वैजयंतीने आरसा धरला, दोरा फिरवला, आणि आरसा टुणकन उडून धुळीत पडला. सगळ्या बाया खो-खो हसल्या. दुसराही उडाला. तिसऱ्याला देवलाने तिचं बोट धरून दोरा खालून कसा घ्यायचा ते दाखवलं. तिकडे भागवत जीपला टेकून दोनदा म्हणाला, की आता निघू या, सवाऱ्या वाट पाहत असतील.

“थांबा जरा,” वैजयंती मान वर न करता म्हणाली. “हा आरसा बसून राह्यला आता.”